साहेबांच्या हातातले हत्यार

या अंकासाठी निवडलेली तिन्ही पत्रे सातारा-सांगली भागातून आली आहेत. पत्रलेखक एकमेकांना ओळखत नाहीत, तरी तिघांचाही प्रश्न मुळात एकच आहे : सैन्यात माणूस जसजसा वर चढतो, तसतशी शिपाईपणाची मूळ कामे त्याने हातात किती ठेवावीत? ज्या जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या एका गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसे गमावली, तिथल्या वाचकांसाठी हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही, याची जाणीव ठेवून मी उत्तरे लिहिली आहेत.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झालो असून आता खटाव तालुक्यात गावी शेती पाहतो. माजी सैनिकांच्या आमच्या बैठकीत गेल्या महिन्यात बराच वाद झाला. एकाने सांगितले की, त्याच्या नोकरीच्या अखेरच्या काळात आलेल्या एका वरिष्ठ साहेबांनी जवानांसमोर लाइट मशीनगन खोलली, पण त्यांना ती परत जोडता आली नाही, आणि ते तसेच निघून गेले. काहींना ही शरमेची गोष्ट वाटली. काही म्हणाले की साहेबांचे काम डोक्याचे, हाताचे नव्हे. माझा पुतण्या चाकणला एका कारखान्यात मॅनेजर आहे. तो म्हणतो, मॅनेजरच मशीनवर बसला तर कारखाना कोण बघणार? मला हे पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही. आमच्याच तालुक्यातल्या भोसऱ्याचे प्रतापराव गुजर सरनोबत असूनही स्वतः तलवार घेऊन पुढे गेले होते. तेव्हा अधिकाऱ्याला शिपायाचे काम नेमके कुठपर्यंत आले पाहिजे?

उत्तर : हवालदारसाहेब, तुमच्या पुतण्याचे म्हणणे मी उडवून लावणार नाही, कारण ते अर्धे खरे आहे. कमांडिंग ऑफिसर हा पलटणीतला पहिल्या नंबरचा नेमबाज असावा, अशी अपेक्षा कोणत्याच सैन्यात नसते. आठशेच्या आसपास माणसे, त्यांची वाहने, दारूगोळा, रजा, आजारपणे, शेजारच्या पलटणींशी ठेवायचा मेळ आणि शत्रूच्या पुढच्या हालचालीचा अंदाज एवढे सगळे ज्याच्या डोक्यावर आहे, त्याने रोज दोन तास हत्यार खोलण्या-जोडण्यात घालवले तर त्याचे स्वतःचे काम मागे पडेल. पण चालत्या मशीनचा आवाज ऐकून आत काय बिघडले आहे हे ओळखणे, हेही मॅनेजरचेच काम आहे, आणि ज्याने ते मशीन कधी स्वतः चालवले नाही किंवा चालवून दहा वर्षे झाली, त्याला ते ओळखता येत नाही, हे तुमचा पुतण्याही मान्य करील. अधिकाऱ्याने मूळ कौशल्य टिकवायचे ते मुख्यतः या ओळखण्यासाठी.

माझा एक अनुभव सांगतो. त्याला पंचवीसहून अधिक वर्षे झाली, तरी त्यातला तपशील माझ्या मनातून गेलेला नाही. १९९०चे दशक संपत आले होते. पायदळातून ७.६२ मिलिमीटरची एसएलआर ही जुनी रायफल जाऊन तिच्या जागी ५.५६ मिलिमीटरची इन्सास रायफल येत होती, आणि त्याच सुमारास मी अडीच वर्षे एका मुख्यालयात टेबलावरच्या कामावर होतो. कंपनी कमांडर म्हणून पलटणीत परतलो, तेव्हा कोतमध्ये, म्हणजे हत्यारांच्या कोठारात, एकही एसएलआर उरली नव्हती. पहिल्याच आठवड्यात मी हत्यारांची तपासणी घेतली. एकेक रायफल हातात घेऊन मी नळीतून उजेडाकडे पाहिले, बाहेरून बोट फिरवले आणि तीस-पस्तीस रायफली ‘ठीक आहे’ म्हणून परत दिल्या. नळ्या खरोखरच लख्ख होत्या.

दुसऱ्या दिवशी फायरिंग रेंजवर पहिल्याच डिटेलमध्ये, म्हणजे एकाच वेळी गोळ्या झाडणाऱ्या जवानांच्या पहिल्या गटात, चार रायफली अडकल्या. जवानांनी शिकवल्याप्रमाणे फौरी इलाज, म्हणजे अडकलेले हत्यार चालू करण्याची तातडीची कृती, केला, एक-दोन राउंड गेले आणि रायफली पुन्हा अडकल्या. मी मागे उभा होतो आणि काय चुकते आहे हे मला सांगता येत नव्हते. तेव्हा पाटण तालुक्यातला एक हवालदार पुढे झाला. त्याने त्यातली एक रायफल उचलली, रिकामी केली, गोळीच्या गॅसवर रायफल चालवणारा भाग उघडून पिस्टन बाहेर काढला आणि न बोलता माझ्यासमोर धरला. पिस्टनच्या तोंडावर काजळीचा कठीण थर बसला होता, इतका कठीण की नखाने खरवडूनही तो सुटेना. नळीतून पुलथ्रू (नळी साफ करायची दोरी) आणि चिंदी रोज फिरत होती. गॅसच्या भागापर्यंत मात्र कोणाचा हात पोहोचत नव्हता. कारण उघड होते. माझ्या आधीच्या तपासण्यांत आणि माझ्याही तपासणीत साहेब फक्त नळीत बघतात, हे जवानांना कळून चुकले होते. पिस्टन एसएलआरलाही होता आणि तो काढून पाहायचा असतो, हे मला तरुणपणीच शिकवले गेले होते. पण अडीच वर्षांत हाताची सवय गेली होती, आणि नवे हत्यार जवानांसमोर उघडायला मी कचरलो होतो. तुमच्या बैठकीत ज्या साहेबांची गोष्ट निघाली, त्यांना निदान हत्यार उघडण्याचे धैर्य तरी झाले, असे मी म्हणेन.

त्या हवालदाराने रेंजवर कोणासमोर एक शब्दही काढला नाही. संध्याकाळी रोल कॉल झाल्यावर तो आला आणि म्हणाला, “साहेब, नवं हत्यार आहे. दोन-चार दिवस कोतमध्ये बसून एकदा खोलून-जोडून बघूया का?” आम्ही सहा संध्याकाळी बसलो. सातव्या दिवशी तपासणीला उभे राहिल्यावर मी पहिल्याच जवानाला पिस्टन काढून दाखवायला सांगितले. त्यानंतर माझ्या कंपनीत मला काजळी धरलेला पिस्टन सापडला नाही. मी कोणाला रागावलो नव्हतो की कोणाला शिक्षा दिली नव्हती. काय बघायचे ते साहेबांना कळते, एवढी बातमी बराकीत पोहोचली होती.

हुकूम वरून खाली जातो आणि खरी परिस्थिती खालून वर कळवली जाते. मात्र ती कळवणारा माणूस आधी एवढे पाहतो की, सांगितलेले साहेबांना उमजेल का. ज्याला हत्याराची, वायरलेसची किंवा नकाशाची भाषा उरलेली नाही, त्याला माणसे ‘सब ठीक है, साहब’ एवढेच सांगतात. यात लबाडी असतेच असे नाही. पुढचे समजावून सांगण्यात अर्थ नाही, असे त्यांना वाटत असते.

हे केवळ रायफलीपुरते नाही. अमेरिकेच्या नौदलाला २०१७ साली याची फार मोठी किंमत मोजावी लागली. त्या वर्षी १७ जूनला जपानजवळ फिट्झगेराल्ड ही युद्धनौका एका मालवाहू जहाजावर आदळली आणि सात नौसैनिक मृत्युमुखी पडले. दोनच महिन्यांनी, २१ ऑगस्टच्या पहाटे, सिंगापूरजवळ जॉन मॅकेन या युद्धनौकेची एका तेलवाहू जहाजाशी टक्कर होऊन दहा जण गेले. मॅकेनच्या प्रसंगात कप्तान स्वतः ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या जागी, हजर होता. सुकाणू धरणाऱ्या नौसैनिकाला दिशा आणि वेग दोन्ही सांभाळताना ओढाताण होते आहे असे दिसल्यावर, त्याचा भार हलका करण्यासाठी वेगाचे नियंत्रण शेजारच्या जागी देण्याचा हुकूम त्याने दिला. हुकुमामागचा हेतू चांगला होता. पण स्पर्शपडद्यावर ही अदलाबदल करताना सुकाणूही नकळत त्याच शेजारच्या जागी गेले, आणि पहिल्या नौसैनिकाला वाटले की सुकाणू निकामी झाले. त्यातच वेग कमी करताना जहाज पुढे ढकलणाऱ्या दोन्ही पंख्यांचे नियंत्रण एकत्र जोडलेले नव्हते. एक पंखा मंदावला, दुसरा जोरात फिरत राहिला आणि जहाज वळत वळत तेलवाहू जहाजाच्या वाटेत गेले. हे सगळे अवघ्या काही मिनिटांत घडले. सुकाणू हातून गेल्यासारखे वाटल्यास त्या यंत्रणेवर नेमके काय करायचे, याचे पुरेसे शिक्षण ब्रिजवरच्या कोणालाच मिळालेले नव्हते, अगदी कप्तानालाही नाही, असे नौदलाच्या चौकशीत पुढे आले.

या घटनेची पाळेमुळे आणखी मागे जातात. २००३ मध्ये त्या नौदलाने नव्या अधिकाऱ्यांना जहाज हाताळणे शिकवणारा काही महिन्यांचा वर्ग बंद केला होता आणि त्याऐवजी त्यांच्या हातात सीडीवरचे धडे दिले होते. बाकीचे ते जहाजावर गेल्यावर शिकतील, असे गृहीत धरले होते. त्या काळात तयार झालेले अधिकारी पुढच्या दहा-पंधरा वर्षांत वरच्या जागांवर चढत गेले. मूळ कामातली कसर ही अशी दिसते. ती राहते त्या वर्षी काही घडत नाही, आणि घडते तेव्हा ज्याने ती राहू दिली तो तिथे नसतो. टकरींनंतर अधिकाऱ्यांच्या शिक्षणाची घडी नव्याने बसवण्यात आली, पदोन्नतीच्या टप्प्यांवर जहाज हाताळण्याच्या चाचण्या आल्या आणि वेगाच्या नियंत्रणासाठी स्पर्शपडद्याऐवजी हाताने ओढायचे दांडे परत बसवण्याचे ठरले.

आपल्या हवाई दलाची पद्धत याबाबतीत मला नेहमीच आवडत आली आहे. तिथे वैमानिक कितीही वर गेला तरी उड्डाणाशी असलेला त्याचा संबंध सहसा तुटू देत नाहीत. कारगिल युद्धात १७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे नेतृत्व केलेले बी. एस. धनोआ पुढे हवाई दलप्रमुख झाले, आणि निवृत्तीला महिनाही उरला नसताना, २ सप्टेंबर २०१९ रोजी, त्यांनी पठाणकोटहून अभिनंदन वर्धमान यांच्यासह मिग-२१ विमानातून उड्डाण केले. छायाचित्रासाठी केलेला हा सोहळा होता, असे कोणी म्हणेल. पण विमान सोहळा ओळखत नाही. त्यात बसायचे तर हात चालूच ठेवावा लागतो.

आता तुमचा ‘कुठपर्यंत’ हा शब्द. दहा माणसांच्या सेक्शनचा कमांडर, मग तो नाईक असो की हवालदार, आपल्या सेक्शनमधल्या प्रत्येक हत्यारात सर्वांत चांगल्या जवानाच्या तोडीचा असलाच पाहिजे. तिथे सवलत नाही, कारण तिथे शिकवणारा आणि लढणारा एकच असतो. कंपनी कमांडरला प्रत्येक हत्यार खोलता-जोडता यावे, अडकले तर का अडकले हे ओळखता यावे, आणि वायरलेस सेटवरून तोफखान्याची मदत स्वतःच्या तोंडाने मागता यावी, कारण ते काम करणारा माणूस पडला तर ते त्याच्यावरच येते. त्याहून वर गेल्यावर यादी आखूड होते, पण ती शून्यावर येत नाही : स्वतःचे हत्यार, नकाशा, वायरलेसवरची बोलण्याची शिस्त, जखमीच्या मांडीला पट्टा आवळून रक्त थांबवणे आणि स्वतःच्या पायांवर डोंगर चढणे. बीपीईटी या सैन्यातल्या शारीरिक क्षमतेच्या चाचणीत सगळा सरंजाम अंगावर घेऊन पाच किलोमीटर धावावे लागते, दोरावर चढावे लागते, नऊ फुटांचा खड्डा ओलांडावा लागतो. ती अधिकाऱ्यालाही वयाच्या हिशेबाने द्यावी लागते आणि ते योग्यच आहे. मुख्यालय म्हणजे सुरक्षित जागा, ही समजूतही आता सोडून द्यावी लागेल. २९ नोव्हेंबर २०१६ रोजी नगरोट्याला दहशतवादी थेट तोफखान्याच्या तळात घुसले, आणि तिथे कामी आलेल्या सात जणांत दोन मेजर होते; त्यांपैकी कुणाल गोसावी आपल्या पंढरपूरचे.

सातारा तालुक्यातल्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक हे ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर होते. २३ जून १९६१ रोजी सुरू झालेली आणि देशातली पहिली सैनिक शाळा असलेली साताऱ्याची शाळा, ही त्यांची शाळा. १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्याच्या जंगलात शोधमोहिमेचे नेतृत्व करत असताना त्यांना वीरमरण आले. मरणोत्तर शौर्यचक्र देऊन राष्ट्राने त्यांचा गौरव केला. त्या जंगलात वीस पावलांपलीकडचे दिसत नाही, आणि वाट कुठे अडवायची हे छावणीतल्या नकाशावरून ठरवता येत नाही. तिथे कर्नललाही झाडीत उतरावे लागते, आणि उतरायचे तर शिपायाची सगळी अंगे त्याच्या अंगात शाबूत असावी लागतात.

प्रतापराव गुजरांचा दाखला तुम्ही दिलात. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत गेलेल्या त्या सात जणांचे मरण मी माझ्या तराजूत घालणार नाही. तेवढा माझा अधिकार नाही. पण पुढच्या पत्राचे उत्तर आपण वाचावे, कारण त्यात याच गोष्टीची दुसरी बाजू आली आहे.

प्रश्न : आदरणीय साहेब, मी सध्या रजेवर मिरज तालुक्यात गावी आलो आहे. यंदाच नाईक झालो. आमचे कंपनी कमांडर साहेब हुशार आहेत, त्यांना सगळे येते, आणि अडचण तिथेच आहे. सरावात एलएमजीची (लाइट मशीनगनची) जागा ठरवायची असली की ते स्वतः गनमागे झोपून पाहतात आणि मग उठतच नाहीत. वायरलेस लागत नसेल तर ऑपरेटरच्या हातातून सेट काढून घेतात. माझ्या सेक्शनचा मोर्चासुद्धा तेच आखतात. जवान मग माझ्याकडे बघत नाहीत, त्यांच्याकडे बघतात. साहेबांना मूळ काम येणे चांगले, असे सगळे म्हणतात. मग मला असे का वाटते?

उत्तर : तुम्हाला वाटते ते रास्त आहे, आणि ते लिहिण्याची हिंमत केलीत याचे मला समाधान वाटते. साहेबांना मूळ काम येते ते जवानाचे काम तपासता यावे आणि वेळ पडल्यास करता यावे म्हणून. ते जवानाकडून काढून घेण्यासाठी नव्हे. चकमकीत कंपनी कमांडर एलएमजीमागे झोपला तर एक गन चांगली चालेल, हे खरे. पण त्याच दहा मिनिटांत डाव्या प्लाटूनकडून आलेला संदेश कोण ऐकणार? राखीव प्लाटून कधी सोडायची हे कोण ठरवणार? तोफखान्याला गोळे दोनशे मीटर पुढे टाका असे कोण सांगणार? ही कामे त्याच्याशिवाय कंपनीत दुसऱ्या कोणाची नाहीत. ट्रिगर दाबणारा मात्र त्याच्याशिवायही आहे.

पानिपतची आठवण इथे टाळता येत नाही. १४ जानेवारी १७६१ च्या दुपारी विश्वासराव पडल्यावर सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत घुसून लढू लागले, असे इतिहासकार सांगतात. भाऊंच्या मर्दुमकीबद्दल शंका घेण्याचे कारणच नाही. पण हौदा रिकामा दिसताच सेनापती पडला असे मागच्या फौजेला वाटले आणि फळी फुटली. एक तलवार वाढली, आणि हजारो माणसे ज्या एका जागेकडे बघून लढत होती, ती जागा नाहीशी झाली. तुमचे जवान तुमच्याकडे बघेनासे झाले आहेत, असे तुम्ही लिहिले आहे. आकार लहान असला तरी मुळात गोष्ट तीच आहे.

याउलट १० नोव्हेंबर १६५९ चा प्रतापगड पाहा. शामियान्यात जे घडले ते महाराजांना स्वतःच्या हातांनी करावे लागले, तिथे दुसऱ्याला पाठवण्याची सोयच नव्हती, आणि ते हात तयार होते. पण गडावरून तोफेची इशारत झाल्यावर जावळीच्या रानात दबा धरून बसलेल्या तुकड्यांनी काय करायचे, हे आधीच ठरलेले होते. नेताजी पालकर आणि मोरोपंत पिंगळे यांना त्या घटकेला विचारायला कोणाकडे जावे लागले नाही. महाराजांनी स्वतःकडे तेवढेच ठेवले जे फक्त त्यांनाच करता येणार होते, आणि बाकीचे ज्याचे त्याच्याकडे दिले. मला वाटते, शिवचरित्रातला हा भाग आपण ऐकतो पुष्कळ, पण त्यातल्या वाटणीकडे आपले लक्ष जात नाही.

तरीही असा प्रसंग येतो जेव्हा अधिकाऱ्याने स्वतः हात घालणेच बरोबर असते. सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांचा पराक्रम तुम्हाला पलटणीत शिकवला असेलच. ते १९४० मध्ये बॉम्बे सॅपर्स या सैन्याच्या अभियंता दलात शिपाई म्हणून भरती झाले आणि डिसेंबर १९४७ मध्ये अधिकारी झाले. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर सुरुंग काढताना तोफांच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले दोघे ठार आणि पाच जण जखमी झाले, आणि त्या जखमींत ते स्वतःही होते. तरी थांबले नाहीत. सुरुंगांतून वाट काढण्यासाठी ते रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत गेले आणि दोर ओढून चालकाला थांबण्याच्या-चालण्याच्या खुणा देत राहिले. रणगाडे राजौरीला पोहोचले ते त्यांच्या हातांमुळे, आणि परमवीर चक्राने त्या कामाची दखल घेतली. तिथे त्यांनी कोणाचे काम हिसकावले नव्हते. सुरुंगाचे काम हेच त्या घटकेला मोहिमेतले सर्वांत अवघड काम होते, आणि त्या जागी ते करू शकणारा सर्वांत जाणता माणूस तेच होते. तुमच्या साहेबांनी हात घालण्याआधी हाच एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा : हे काम इथे दुसऱ्या कोणाला येत नाही का? येत असेल तर करू द्यावे, चुकले तर नंतर बाजूला घेऊन दाखवावे.

तुम्ही काय करावे? थेट साहेबांकडे जाऊ नका; तुमच्या प्लाटूनच्या सुभेदारसाहेबांशी बोला, आणि तेही तक्रार म्हणून नको. पुढच्या सरावाआधी तुमच्या सेक्शनच्या मोर्च्याचा आराखडा कागदावर काढा : एलएमजी कुठे, तिचा मारा डावीकडे कुठल्या खुणेपासून उजवीकडे कुठल्या खुणेपर्यंत, पर्यायी जागा कुठली, शेजारच्या सेक्शनच्या माऱ्याशी तो कुठे मिळतो. साहेब येताच तो त्यांच्या हातात द्या आणि तपासायला सांगा. माझा अनुभव असा की, ज्या साहेबांना काम खरोखर येते, त्यांच्यासमोर तयार काम ठेवले की त्यांचा हात आपोआप मागे येतो. रिकामी जागा दिसली की तो पुढे येतो.

प्रश्न : नमस्कार. आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. माझी मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षात आहे आणि सैन्यात अधिकारी होण्यासाठी परीक्षेची तयारी करते आहे. तिच्या मैत्रिणीच्या भावाने सांगितले की, प्रशिक्षणात खंदक खणण्यापासून ओझे वाहण्यापर्यंत सगळी शिपायाची कामे करून घेतात. जे काम पुढे ती करणार नाही, ते एवढ्या कष्टाने शिकवण्यात काय अर्थ आहे? आई म्हणून विचारते.

उत्तर : ताई, तुमची काळजी मी समजू शकतो. एक प्रसंग लिहितो, मग तुम्हीच ठरवा. उत्तरेकडच्या डोंगरात एका रात्रीच्या सरावासाठी मी माझ्या कंपनीला चौदा किलोमीटरची वाटचाल दिली होती आणि वेळ दिला होता साडेतीन तास. सपाट रस्त्यावर, मोकळ्या अंगाने, ताशी चार किलोमीटरचा हिशेब बरोबर बसतो. पण वाटेत सहाशे मीटरची चढण होती, आणि नुसत्या चढणीलाच तासभर अधिक धरावा लागतो, हे मी तरुणपणी शिकलो होतो. अंगावर वीस किलोच्या वर ओझे होते आणि अंधार होता. टेबलावर बसून मी वर्षभर नकाशावर नुसती बोटे फिरवली होती. ओझे घेऊन चाललो नव्हतो. जवान पावणेदोन तास उशिरा पोहोचले. बूट काढले तेव्हा काहींचे मोजे रक्ताने पायाला चिकटलेले होते. कोणी मला काही बोलले नाही. त्यांनी हुकूम पाळला होता, चुकीचा होता तो हुकूम. लढाई असती, तर शेजारची कंपनी त्या पावणेदोन तासांत एकटी पडली असती.

तुमच्या मुलीला खंदक खणायला लावतात, ते तिने आयुष्यभर खंदक खणावेत म्हणून नव्हे. मुरमाड जमिनीत कंबरभर खोल जायला दोन माणसांना किती तास लागतात, हे तिच्या तळहाताला कळावे म्हणून. पुढे कधीतरी ती तीस माणसांना ‘उजाडायच्या आत खणून घ्या’ असे सांगेल, तेव्हा ते शक्य आहे की नाही हे तिला कोणाला विचारावे लागणार नाही. स्वाती महाडिक, ज्यांच्या पतींचा उल्लेख वर आला आहे, त्या दोन मुलांची आई असताना चेन्नईच्या प्रशिक्षण अकादमीत याच सगळ्यातून गेल्या आणि सप्टेंबर २०१७ मध्ये लेफ्टनंट झाल्या. मुलींसाठी म्हणून तिथे ओझे हलके करत नाहीत, आणि मुलींना तसे नकोही असते.

परीक्षेच्या अभ्यासाबरोबर एक गोष्ट तिला आतापासून करता येईल. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा तिने मिळवावा. त्यात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. एखाद्या रविवारी मैत्रिणींना घेऊन मिरजेकडच्या दंडोबाच्या डोंगरावर जावे, निघण्याआधी किती वेळ लागेल तो आकडा वहीत लिहावा, आणि परतल्यावर प्रत्यक्ष लागलेला वेळ त्याच्या शेजारी लिहावा. सपाटीवर शंभर मीटरला तिची किती पावले पडतात, चढावर किती, आणि पाठीवर दहा किलोची पिशवी घेतल्यावर किती, हेही मोजावे. दर दोन महिन्यांनी ते पुन्हा मोजावे, कारण आकडे बदलतात.